पुरवणी मागण्यांना ‘होय’ म्हणण्याआधी : विधिमंडळ सदस्यांना खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्र विधानसभा व विधान परिषदेचे सर्व सन्माननीय सदस्य,
विधान भवन, मुंबई.

सप्रेम नमस्कार.

मी संगमनेर तालुक्यातल्या एका महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवतो. सार्वजनिक वित्त हा विषय सुरू केला की पहिल्या तासाला पगारपत्रकातली एक ओळ फळ्यावर लिहितो : व्यवसाय कर, २०० रुपये. फेब्रुवारीत ३००, म्हणजे वर्षाचे २,५००. राज्यातल्या लाखो नोकरदारांच्या पगारातून ही रक्कम न चुकता कापली जाते. ती कशासाठी सुरू झाली हे मुलांना माहीत नसतं, त्यांच्या पालकांनाही नसतं. आपला आदर राखून म्हणतो, आपल्यापैकीही बऱ्याच जणांना नसावं.

ती हकिगत आपल्याच सभागृहातली आहे. अठरा वर्षं विधान परिषदेचे सभापती राहिलेले वि. स. पागे तासगाव तालुक्यातले. १९६५ मध्ये त्याच तालुक्यातल्या विसापूरला मागेल त्याला काम देण्याचा प्रयोग त्यांनी करून पाहिला. मग १९७२ चा दुष्काळ आला. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यात जवळपास ५० लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. कुणी खडी फोडत होतं, कुणी बंधाऱ्यावर माती टाकत होतं. पाऊस पडल्यावर ते सगळं गुंडाळून टाकणं सोपं होतं. त्या वेळच्या विधिमंडळानं तसं केलं नाही. १९७५ मध्ये व्यवसाय कराचा कायदा करून त्याचं उत्पन्न रोजगार हमीला बांधून दिलं. जेवढा कर जमेल तेवढीच रक्कम सरकारनंही तिजोरीतून घालायची असं ठरवलं. १९७७ च्या रोजगार हमी कायद्यात त्या निधीची तरतूद लिहून ठेवली आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो कायदा लागू केला. शहरातल्या पगारदारानं गावाकडच्या मजुराच्या कामाचा खर्च उचलायचा आणि त्या कामातून पाझर तलाव, नालाबांध, रस्ते उभे राहायचे, असा तो सरळ व्यवहार होता. २००५ मध्ये केंद्रानं ग्रामीण रोजगाराचा कायदा केला तेव्हा समोर उदाहरण होतं ते महाराष्ट्राचं.

या योजनेत खोटे हजेरीपट निघाले, कामं अर्धवट राहिली, जमलेला निधी वर्षानुवर्षं पडून राहिला. हे सगळं खरं आहे. तरीही त्या पिढीनं एक गोष्ट बरोबर केली होती. कायमचा खर्च अंगावर घेतला तेव्हा त्यासाठी पैसा कुणाकडून घेणार, हेही लोकांना तोंडावर सांगितलं. कर लावण्याचा वाईटपणा स्वतःकडे घेतला. मला आज आपल्याशी बोलायचं आहे ते याच एका गोष्टीबद्दल.

२८ जून २०२४ रोजी राज्याचा अतिरिक्त अर्थसंकल्प मांडला गेला. ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजना त्यात जाहीर झाली. वर्षाचा अंदाजित खर्च ४६,००० कोटी रुपये. त्यासाठी नवा कर नव्हता. उलट त्याच अर्थसंकल्पात मुंबई, ठाणे आणि नवी मुंबई परिसरातल्या पेट्रोल-डिझेलवरचा कर कमी करण्यात आला. पुढे ९ जुलैला, म्हणजे अर्थसंकल्प मांडून जेमतेम अकरा दिवस झाले तोच, त्याच अधिवेशनात ९४,८८९ कोटींच्या पुरवणी मागण्या, म्हणजे अर्थसंकल्पाबाहेरच्या वाढीव खर्चाच्या मागण्या, आल्या. लाडक्या बहिणींचे २५,००० कोटी त्यात होते. अर्थसंकल्पाचे कागद अजून सदस्यांच्या हातात असताना जवळपास लाख कोटींची पुरवणी येते, तेव्हा मूळ अर्थसंकल्पाला काय अर्थ राहिला, हा प्रश्न सत्ताधारी आणि विरोधी दोन्ही बाकांवरून जितक्या जोरात यायला हवा होता तितका आला नाही. दारूवरचं उत्पादन शुल्क वाढवून वर्षाला १४,००० कोटी जास्त मिळवण्याचा निर्णय व्हायला जून २०२५ उजाडलं. खर्च आधी सुरू झाला होता, निवडणूकही पार पडली होती, आणि त्यानंतर उत्पन्नाचा शोध सुरू झाला.

इथं गैरसमज नको. मी या योजनेच्या विरोधात नाही. माझ्या वर्गातल्या कितीतरी मुलींच्या आयांच्या नावावर पहिल्यांदा बँकेत नियमित पैसा यायला लागला तो या १,५०० रुपयांमुळे. त्यातून परीक्षेचं शुल्क भरलं जातं, रक्तदाबाच्या गोळ्या येतात, किराणावाल्याची उधारी फिटते. बाईच्या हातात पैसा देणं ही उधळपट्टी आहे असं म्हणणाऱ्यांशी माझं कधीच जमलं नाही. पण ज्या योजनेची बायकांना गरज आहे, ती कर्जावर आणि दुसऱ्या खात्यांच्या पैशांवर चालवणं हा त्या बायकांवरच अन्याय आहे. मे २०२५ मध्ये याच योजनेच्या हप्त्यासाठी सामाजिक न्याय विभागाचे ४१० कोटी ३० लाख आणि आदिवासी विकास विभागाचे ३३५ कोटी ७० लाख वळवले गेले. सामाजिक न्याय मंत्र्यांनीच त्यावर जाहीर नाराजी व्यक्त केली. आदिवासी आश्रमशाळेत शिकणारी मुलगी आणि तिची आई यांच्यात एकाच पैशासाठी स्पर्धा लावायची, हे कुठलं धोरण?

आता थोडे आकडे. कंटाळा करू नका, कारण त्यांना मंजुरी आपण दिली आहे. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात महसुली जमा ५,६०,९६४ कोटी आणि महसुली खर्च ६,०६,८५५ कोटी धरला होता. म्हणजे महसुली तूट ४५,८९१ कोटी. राजकोषीय तूट, म्हणजे ढोबळमानानं वर्षभरात जितकं नवं कर्ज लागणार ती रक्कम, १,३६,२३५ कोटी. महसुली तूट राजकोषीय तुटीतून वजा केली की सुमारे ९०,३४४ कोटी उरतात. एवढीच रक्कम रस्ते, धरणं, रुग्णालयांच्या इमारती अशा भांडवली कामांच्या वाट्याला येते. कर्जाच्या दर १०० रुपयांतले जवळपास ३४ रुपये पगार, निवृत्तिवेतन, व्याज, अनुदानं अशा चालू खर्चात जातात. विहीर पाडायला काढलेलं कर्ज आणि महिन्याचं रेशन भरायला काढलेलं कर्ज यातला फरक ग्रामीण भागातून निवडून आलेल्या माणसाला मी समजावून सांगावा अशी गरज नाही.

आपल्याला सांगितलं जातं की राजकोषीय तूट राज्याच्या स्थूल उत्पन्नाच्या २.७६ टक्के आहे, ३ टक्क्यांच्या मर्यादेत आहे, तेव्हा चिंता नको. आकडा बरोबर आहे, पण निष्कर्ष बरोबर नाही. याच विधिमंडळानं २००५ मध्ये वित्तीय उत्तरदायित्वाचा कायदा केला. महसुली तूट संपवणं हा त्या कायद्याचा एक मुख्य हेतू होता. आज आपण फक्त ३ टक्क्यांची गोष्ट करतो आणि आतली विभागणी विसरतो. विकासाचा प्रश्न त्या विभागणीतच आहे. राष्ट्रीय सार्वजनिक वित्त व धोरण संस्थेतल्या सुकन्या बोस आणि एन. आर. भानुमूर्ती यांनी भारतासाठी हिशेब मांडला होता. सरकारनं भांडवली कामावर खर्च केलेल्या एका रुपयातून अर्थव्यवस्थेत २.४५ रुपयांचं उत्पन्न तयार होतं, तर थेट हस्तांतरणाच्या रुपयातून ९८ पैशांचं, असा त्यांचा निष्कर्ष. थेट मदत वाया जाते असा याचा अर्थ मुळीच नाही; ९८ पैसे म्हणजे शून्य नव्हे, आणि भुकेल्या घरात गेलेल्या रुपयाची किंमत अशा मोजमापात मावत नाही. पण एकासाठी दुसरं कापलं तर उद्याच्या उत्पन्नाला कात्री लागते, एवढं यातून दिसतं.

कापली जातात ती नेमकी भांडवली कामंच. व्याज चुकवता येत नाही. पगार आणि निवृत्तिवेतन थांबवता येत नाही. या तिन्हींतच महसुलाचा निम्म्याहून अधिक भाग जातो. लाभार्थ्याचा हप्ता अडला तर दुसऱ्या दिवशी तहसील कचेरीसमोर गर्दी होते. कालव्याची चारी अडली तर कुठंच गर्दी होत नाही, कारण ज्याच्या शेतात पाणी यायचं होतं त्याला ते कधी आलेलंच नसतं. ४ मे २०२० च्या शासन निर्णयानं त्या वर्षी विकास योजनांचा निधी ३३ टक्क्यांवर आणला होता. टाळेबंदीचा काळ होता, तो निर्णय समजण्यासारखा होता. पण संकट नसतानाही कात्री तिथंच चालते. शासन निर्णय न काढता, निधी वेळेवर न सोडून चालते, एवढाच फरक.

आमच्या प्रवरा खोऱ्यातली गोष्ट सांगतो. निळवंडे धरणाच्या प्रकल्पाला १९७० मध्ये मान्यता मिळाली तेव्हा खर्चाचा अंदाज ८ कोटींच्या आत होता. जागा बदलली, पुनर्वसनाचा प्रश्न अडला, आणि धरणात पाणी अडवलं गेल्यावरही कालव्यांसाठी पैसे तुकड्यातुकड्यानं येत राहिले. डाव्या कालव्याचं लोकार्पण पंतप्रधानांच्या हस्ते झालं २६ ऑक्टोबर २०२३ रोजी. खर्च तोवर ५,१७७ कोटींच्या घरात गेला होता. ५३ वर्षं! तळेगाव दिघे, सिन्नरकडचा पट्टा, या भागातल्या दोन पिढ्या टँकरच्या पाण्यावर आणि ऊसतोडीच्या किंवा मुंबई-पुण्याच्या मजुरीवर जगल्या. आता त्या भागात पाणी पोहोचू लागलंय तर शेतकरी चारीच्या कामाची चौकशी करतोय, जमिनीचे भाव बदलताहेत, डाळिंबाची नवी लागण दिसते. धरण तेच, नदी तीच. पाणी वीस-पंचवीस वर्षं आधी आलं असतं तर या गावांचं उत्पन्न, मुलींच्या लग्नाची वयं, शाळेतली हजेरी, सगळं वेगळं असतं. जो पैसा ‘यंदा नाही, पुढच्या वर्षी बघू’ म्हणून मागे ठेवला गेला, त्याची ही किंमत आहे. ती कुठल्याही अर्थसंकल्पीय पुस्तकात छापली जात नाही.

लहान कामाचं काय होतं तेही बघा. गावाला जोडणाऱ्या तीन-चार किलोमीटरच्या रस्त्याला प्रशासकीय मान्यता मिळते. पुरवणी मागणीत त्याच्या नावापुढं नाममात्र टोकन तरतूद पडते, आणि तेवढ्यावर काम ‘मंजूर’ होतं. भूमिपूजन होतं, नामफलक लागतो. निविदा निघते, कार्यारंभ आदेश मिळतो. कंत्राटदार मुरूम टाकतो, खडी अंथरतो, मोजमाप पुस्तिकेत नोंद होते, देयक तयार होतं. मग तो आणि शाखा अभियंता दोघंही बीम्स या सरकारच्या ऑनलाइन निधीवाटप प्रणालीवर निधी येण्याची वाट पाहत बसतात. येतो तो मागणीच्या दहा-वीस टक्के. डांबराचा थर द्यायचा राहतो, पावसाळा लागतो, दबाई न झालेली खडी वाहून जाते किंवा शेजारच्या बांधावर जाऊन पडते. पुढच्या वर्षी सुधारित अंदाजपत्रक आणि दरवाढ. त्याच रस्त्याला दीडपट पैसे लागतात, आणि गावातला दूधवाला, शाळेत जाणारी मुलं, बाळंतपणासाठी निघालेली बाई, सगळे तोवर त्याच उखडलेल्या खडीवरून जातात. कंत्राटदारांच्या संघटनांनी २०२५ मध्ये आपली थकबाकी ८९,००० कोटी असल्याचं जाहीरपणे सांगितलं. सरकारला तो आकडा मान्य नसेल तर खरा आकडा काय, हे सभागृहाच्या पटलावर यायला हवं. हे देणं राज्यावरच्या कर्जाच्या, २०२५-२६ साठी अंदाजलेल्या ९ लाख ३२ हजार कोटींच्या आकड्यात धरलेलं नसतं. न चुकवलेलं बिल हेही कर्जच. फक्त ते बँकेऐवजी तालुक्यातल्या छोट्या कंत्राटदाराकडून, त्याच्या सिमेंटवाल्याकडून आणि त्याच्या मजुरांकडून बिनव्याजी घेतलेलं.

ही टोकन तरतूद मंजूर कोण करतं? आपण करता. आणि ती मागतंही कोण, तर बहुतेक वेळा आपणच. मतदारसंघात काम ‘बजेटला लागलं’ हे सांगता यावं म्हणून पत्र दिलं जातं. मी यात आपल्यावर राग धरत नाही. लोकही आमदाराला हेच विचारतात. पण पैसा नसताना मंजूर झालेली दहा कामं म्हणजे अर्धवट राहणारी दहा कामं, हे लोकांना समजावून सांगणं आपलं काम आहे आणि आम्हा शिक्षकांचंही.

राज्यघटनेच्या कलम २०५ नं पुरवणी मागण्यांची वाट ठेवली ती तरतूद अपुरी पडली किंवा न योजलेला खर्च उपटला तर. २०२५-२६ मध्ये पावसाळी अधिवेशनात ५७,५०९ कोटींच्या आणि नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात ७५,२८६ कोटींच्या मागण्या आल्या. दोन्ही मिळून १ लाख ३२ हजार कोटींच्या वर, म्हणजे ७ लाख कोटींच्या मूळ अर्थसंकल्पाच्या जवळपास एक पंचमांश. यातला निव्वळ भार, म्हणजे कागदोपत्री जुळवाजुळव वगळून तिजोरीवर पडणारा खरा बोजा, कमी असतो, हे मान्य. पावसाळी अधिवेशनातल्या मागण्यांचा निव्वळ भार ४०,६४४ कोटी होता. मराठवाड्यातल्या अतिवृष्टीनंतर शेतकऱ्यांना द्यायची मदत पुरवणीतूनच यायला हवी होती, हेही मान्य. नेमक्या अशाच वेळी हात मोकळा असावा म्हणून तर एरवीचा खर्च मूळ अर्थसंकल्पात बसवायचा असतो. महापूर आला तेव्हा तिजोरी आधीच ठरलेल्या हप्त्यांत अडकलेली असेल, तर पैसा पुन्हा कालव्यातून आणि रस्त्यातूनच निघणार. महालेखापरीक्षकांनी राज्याच्या वित्तव्यवस्थेवरच्या अहवालांत वारंवार लिहिलं आहे की कित्येक विभागांची मूळ तरतूदच खर्च झालेली नसताना त्यांनी पुरवणी मागून घेतली, आणि खर्चाचा मोठा भाग मार्च महिन्यात उरकला. ३१ मार्चच्या रात्री कोषागारात कशी धावपळ असते ते सरकारी कर्मचाऱ्यांना विचारा.

या सगळ्यावर चर्चा किती होते? मोजक्या विभागांच्या मागण्यांवर सदस्य बोलतात, तीही बहुतेक भाषणं आपापल्या मतदारसंघातल्या कामांची यादी असते. उरलेल्या मागण्या एकगठ्ठा मताला टाकल्या जातात आणि काही मिनिटांत हजारो कोटी मंजूर होतात. नंदुरबार, वाशीम, गडचिरोली हे जिल्हे दरडोई उत्पन्नात तळाशी आहेत हे राज्याचा आर्थिक पाहणी अहवाल सांगतो. प्रादेशिक समतोलावर लक्ष ठेवणाऱ्या वैधानिक विकास मंडळांची मुदत ३० एप्रिल २०२० ला संपली. तेव्हा तिथल्या माणसाच्या वाट्याचा पैसा खरोखर त्याच्यापर्यंत गेला का, हे विचारणारी जागा आता मुख्यतः आपलं सभागृहच आहे.

म्हणून माझी पहिली विनंती अशी की वर्षाला १,००० कोटींहून अधिक कायमचा खर्च असलेली कुठलीही नवी योजना आली, तर तिच्यासोबत पैशाचा स्रोत लेखी मागा. कोणता कर, कोणती खर्चकपात, किंवा किती कर्ज. कर्ज असेल तर ‘कर्ज’ असं लिहिलेलं हवं. १९७५ मध्ये हे जमलं होतं आणि तेव्हाचं राज्य आजच्यापेक्षा कितीतरी गरीब होतं. लाडकी बहीण योजनेचा हप्ता वाढवायचा असेल तर जरूर वाढवा, पण त्या दिवशी श्रीमंतांच्या मुद्रांक शुल्काबद्दल, शहरातल्या रिकाम्या पडलेल्या महागड्या जागांवरच्या कराबद्दल बोलण्याची हिंमतही दाखवा. वस्तू व सेवा कर आल्यापासून राज्याच्या हातात कराची साधनं थोडी उरली आहेत, ही अडचण मला ठाऊक आहे. व्यवसाय कराचंच पाहा. त्याची २,५०० रुपयांची कमाल मर्यादा १९८८ च्या घटनादुरुस्तीतून आली आणि आजही तीच आहे. महिना १५ हजार मिळवणारा पुरुष कर्मचारी आणि महिना १५ लाख मिळवणारा अधिकारी सारखाच कर भरतात. ती मर्यादा बदलायला संसद लागते. पण तसा ठराव करून दिल्लीला पाठवणं आपल्या हातात आहे, आणि त्याला पक्षभेद आड येण्याचं कारण नाही.

टोकन तरतुदीची प्रथा तर आपण मनावर घेतलं तर एका अधिवेशनात थांबू शकते. ज्या कामाला त्या वर्षी निदान एक तृतीयांश रक्कम मिळणार नाही ते काम यादीत घेऊ नये, आणि चालू काम पूर्ण झाल्याशिवाय त्याच तालुक्यात त्याच प्रकारचं नवं काम सुरू करू नये. भूमिपूजनं कमी होतील. रस्ते जास्त होतील.

आणि येत्या अधिवेशनासाठी एक अगदी छोटं काम. आपल्यापैकी कोणीही, कुठल्याही पक्षाचा असो, एक तारांकित प्रश्न टाकावा : ३१ मार्चअखेर प्रत्येक विभागानं कार्यारंभ आदेश दिलेल्या कामांचं एकूण दायित्व किती, त्यातली झालेल्या कामांची थकीत देयकं किती, आणि चालू वर्षात त्यासाठी प्रत्यक्ष किती निधी सोडला गेला? उत्तर जिल्हावार मागावं. ते पटलावर ठेवलं जाईपर्यंत पुरवणी मागण्यांवरचं मतदान पुढं ढकलण्याचा आग्रह धरावा. उत्तर आलं की त्याची प्रत मी माझ्या वर्गात घेऊन जाईन.

आपला विश्वासू,
संगमनेर तालुक्यातला एक प्राध्यापक, करदाता आणि मतदार